नव्या नळीला हात कमी लावा

भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही, पण मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची चिंधी रायफलीला चालत नाही. त्यात सायझिंगची खळ असते, ती तेल पिऊ देत नाही. पॉलिस्टरही नको. दोनदा धुतलेलं, मऊ पडलेलं सुती कापडच पॉइंट टू-टूच्या नळीत घालावं, आणि तेही बेतानं. या नळ्या गोळ्यांनी झिजतात त्यापेक्षा मालकाच्या सफाईच्या गजानं जास्त बिघडतात, असं माझं मत आहे.

कारण पॉइंट टू-टूच्या काडतुसातच आहे. १८८७ पासून चालत आलेलं हे रिमफायर काडतूस. पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं आणि सुई त्या कडेवरच आदळते. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, बहुधा नुसत्या शिशाची, वर मेणासारखं वंगण. तांब्याचं कवच नाही, दारू थोडी. त्यामुळे मोठ्या रायफलींसाठी सांगतात तसा ‘एक गोळी, एक सफाई’ हा सोपस्कार इथे बहुतेक वेळा वाया जातो.

नवी नळी आली की आधी चेंबर रिकामं आहे ना, ते पाहायचं. मग कारखान्यातलं गंजरोधक तेल काढायचं. गज अखंड हवा, जोडाचा नको. तो मागून, बोल्टच्या बाजूनं, मार्गदर्शक नळी लावून घालायचा. चिंधी पुढून बाहेर आली की तिथेच काढून घ्यायची. नळीच्या तोंडाच्या कडेला गज घासला तर गोळी सुटताना वायू एकीकडून निसटतो आणि नेम फिरतो.

स्वच्छ नळीच्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात. मेणाचा पातळ थर नळीच्या आतल्या चरांवर सारखा बसला की त्या एका जागी पडू लागतात. काडतुसाचा ब्रँड बदलला की हे पुन्हा पहिल्यापासून. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे एवढाही फरक महाग पडतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या जगज्जेत्या झाल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांवर ऑलिम्पिक कांस्य घेतलं. दोघांचीही स्पर्धा याच काडतुसाची. या पातळीचे नेमबाज काडतुसाचा लॉटसुद्धा आपल्या नळीशी ताडून घेतात. त्यासाठी काडतुसं बनवणाऱ्या ईलीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला चाचणी रेंज आहे. एकाच कारखान्याचा, एकाच नावाचा माल, पण एक लॉट नळीला मानवतो, दुसरा नाही.

मग सफाई कधी? चेंबर संपून चर सुरू होतात तिथे काजळीचं कडक कडं धरतं. गोळ्या फाकू लागल्या की आधी संशय त्याच्यावर घ्यावा. तेवढ्या भागाला द्रावण लावून मुरू द्यायचं, ब्राँझचा ब्रश हलकेच फिरवायचा. बाकी नळीला एखाददुसरी ओली चिंधी पुरते.

खाडीकाठच्या पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जून ते सप्टेंबर नळीत तेलाचा पुसट थर हवाच. रेंजवर निघताना तो कोरडा करायचा. घामेजल्या बोटांचे ठसे बाहेरच्या पोलादावर राहू देऊ नयेत. परवाना ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयातून मिळाला, रायफल कुलुपात ठेवली, इथवर सगळे नियम पाळतात. आणि मग चार महिने ती फोमच्या पेटीत निजवतात. फोम ओल धरून ठेवतो. कपाटात उभी ठेवून सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहिलेलं बरं.