जारच्या मागे उरणारं पाणी

बाटलीबंद पाण्यावरचा नेहमीचा आक्षेप प्लास्टिकचा, आणि तो खराच आहे. पीटर ग्लीक आणि हेदर कूली यांनी 2009 मध्ये अमेरिकेतला हिशेब मांडला, तेव्हा अशा एका लिटरमागे 5.6 ते 10.2 मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडताना दिसली. नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटींपर्यंत. हा खर्च मुख्यतः बाटली घडवण्याचा आणि लांबून वाहून आणण्याचा. यवतमाळ जिल्ह्यात मात्र लग्नमंडपापासून दुकानापर्यंत दिसतो तो वीस लिटरचा जार. तो पुन्हा पुन्हा भरतात, जवळच्याच आरओ प्लांटवरून आणतात. मग त्याचं ओझं ते किती, असं कुणी म्हणेल. प्लास्टिकपुरतं ते बरोबर आहे. पण या जिल्ह्यात जारचा हिशेब बोअरपासून सुरू करावा लागतो.

पांढरकवडा, झरी जामणी या भागांत भूजलात फ्लोराइड आहे. खडकातून झिरपताना पाणी ते विरघळवून घेतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आणि कणा ताठरतो. उकळूनही ते जात नाही. वाफ होऊन पाणी घटतं, तसं उलट दाट होतं. आरओचा पडदा ते अडवतो, नाहीसं करत नाही. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि प्लांटने निम्मं पाणी शुद्ध काढलं, तर उरलेल्या निम्म्यात ते 6 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. हे पाणी नालीत सोडलं की त्यातलं काही पुन्हा जमिनीतच मुरणार. जार भरायला उपसा दुप्पट, आणि शेजारच्या हातपंपावर ज्याची भिस्त त्याला जार परवडत नाही.

‘मग लोकांनी विषारी पाणी प्यायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. आज जार घेणाऱ्या घराला दोष देण्यात अर्थ नाही. यवतमाळ शहराने 2018 ची टंचाई सोसली आहे, नळाला पाणीच नसेल तर नळाचे गुण सांगून काय उपयोग? पण निळोणा, चापडोह, बेंबळा ही धरणं नदीचं आणि पावसाचं पाणी साठवतात. खडकात दीर्घकाळ न राहिलेल्या अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. जिथे या धरणांची जलवाहिनी लवकर पोचणार नाही, तिथे नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे. तिचाही गाळ जपून टाकावा लागतो, पण तो मोजता येतो, एका जागी ठेवता येतो. प्लांटला परवानगी देताना जारमधलं पाणी तर तपासावंच, नालीत जाणारंही तपासावं.