काट्यावर चढण्याआधी

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात बारामतीहून इंदापूरकडं निघालं की नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. घर काढायचे दिवस. माळ्यावरचं, कोठीतलं, दिवाणाखालचं सगळं अंगणात येतं. मोडका टेबलफॅन, मुलांची दहावीची पुस्तकं, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे. या पसाऱ्यात कुठंतरी सुतळीनं बांधलेलं एक चपटं खोकं असतं. कोपरे फाटलेले, झाकणावर नोटा मोजणारा हसरा माणूस. व्यापारचा खेळ! माझी नजर त्या खोक्यावर असते.

अमेरिकेत अशा वेळी लोक अंगणातच वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावून बसतात आणि शनिवारी सकाळी जुन्या खेळांचे शौकीन दारोदार हिंडतात. विलायतेत धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानंच असतात. आपल्याकडं अंगण आहे, पसारा आहे, चिठ्ठी मात्र नाही. वापरलेली वस्तू शेजाऱ्याला विकायची म्हणजे घरात काही कमी पडलंय असं सांगण्यासारखं. मोटारसायकल विकता येते, ट्रॅक्टर विकता येतो, मोबाइलला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक. खेळ मात्र भाचरांना फुकट द्यायचा, नाहीतर भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकायचा. बारामती-इंदापुरात जुने पटखेळ शोधायचे तर दुकान शोधून उपयोग नाही, भंगाराची वाट ओळखावी लागते.

ही वाट सरळ आहे आणि क्रूरही. फेरीवाला दारातून माल उचलतो आणि संध्याकाळी मोठ्या गोडाऊनवर घालतो. तिथं माल निवडला जातो. वर्तमानपत्र एकीकडं, वह्या-पुस्तकं दुसरीकडं, पुठ्ठा तिसरीकडं, कडक प्लास्टिक वेगळ्या गोणीत. आता खेळाचं खोकं या हातांत आलं की काय होईल ते बघा. पट आणि खोकं पुठ्ठ्यात जातं, पत्ते आणि नोटा कागदात, सोंगट्या आणि फासे प्लास्टिकच्या गोणीत बादलीच्या तुकड्यांखाली. खेळ मोडत नाही, त्याची फक्त फाळणी होते. अर्ध्या तासानंतर तो कुणालाही परत जुळवता येत नाही. जुना खेळ मिळवायचा म्हणजे फेरीवाला आणि निवडणारा यांच्या मधल्या त्या काही तासांत पोचायचं.

गुरुवारच्या बारामतीच्या बाजारात मी पूर्वी खूप चकरा मारल्या. तिथं जुनी हत्यारं मिळतात, कपडे मिळतात; खेळ सहसा नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधी सापडतो, पण तिथं विकणाऱ्याला किंमत कळलेली असते. ऑनलाइन जाहिरातींत तर जुना हा शब्द लागला की भाव दुप्पट. मला गोडाऊनच बरं वाटतं. आमच्या गोडाऊनवाल्या मामांना (नात्यानं नव्हे, वयानं) पहिल्यांदा मी खोकं काट्यावरून उतरवायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “सर, ह्यो कागुद हाय. काय करताय त्येचं?” खेळायचंय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग निवडायला बसलेल्या पोराकडं पाहिलं, आणि पैसे पुठ्ठ्याच्या भावानंच घेतले. आता मात्र ते वाढवून सांगतात. शिकवण माझीच.

हंगाम दोन. एक हा नवरात्राआधीचा, दुसरा मे-जूनचा, बदल्यांचा. बदलीवाल्याचं सामान जास्त चांगलं असतं, कारण त्याला ट्रकचं भाडं द्यायचं असतं आणि तो हात सैल सोडतो. या बाबतीत वालचंदनगरसारखी जागा नाही. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती वसाहत वसली आणि पुढं तिथं जड यंत्रं बनू लागली. कंपनीच्या गावात बाहेरगावचे इंजिनिअर राहणार, त्यांच्या मुलांच्या सुट्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जाणार. आसपासच्या खेड्यांत कॅरम आणि सापशिडी निघते; क्वार्टरमधून स्क्रॅबल निघतं.

माझं सगळ्यात आवडतं खोकं तिकडूनच आलं. व्यापारचंच. पट चार ठिकाणी घडीवर फाटलेला आणि मागून कापडी पट्टीनं शिवलेला. हो, शिवलेला, सुई-दोऱ्यानं, बारीक धावदोरा घालून. चार सोंगट्यांपैकी दोन मूळच्या. तिसरीच्या जागी शर्टाचं बटण, चौथीच्या जागी शाईच्या पेनचं टोपण. शंभराच्या नोटा संपल्या असाव्यात, म्हणून लग्नपत्रिका कापून नव्या छापल्या होत्या. एका नोटेच्या मागं ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ एवढं वाचता येतं. तळाशी उसाच्या वजनाची पावती होती आणि तिच्या पाठीवर हिशेब: दादा, ताई, आई, मी असे चार रकाने. आईच्या रकान्यात फक्त एक ओळ, ‘मद्रासचं भाडं बाकी.’ बँक कुणाकडं होती ते लिहिलेलं नाही, पण रकाने आखणारा हात ताईचा असणार, अशी माझी पैज आहे.

या मद्रासवरून खोक्याचं वय काढता येतं. जुन्या खेळांवर छपाईचं साल जवळजवळ कधीच नसतं, ते इतर खुणांतून हुडकावं लागतं. पटावरच्या शहरांची नावं ही पहिली खूण. मद्रासचं चेन्नई झालं १९९६ मध्ये, कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये. इंग्रजी पटावर बॉम्बेचं मुंबई दिसलं तर तो १९९५ नंतरचा. मराठी पटावर ही युक्ती चालत नाही, आपण आधीपासून मुंबईच म्हणत होतो. आणि ही खूण एकाच बाजूनं पक्की आहे: चेन्नई छापलं असेल तर पट १९९६च्या आधीचा नाही हे खरं, पण मद्रास छापलंय म्हणून तो जुनाच असं नाही. छापखान्यात ठसा तयार असला की कोण बदलत बसतो?

दुसरी खूण खोक्याच्या बाजूला, कारखान्याच्या पत्त्यात. सहा आकडी पिनकोड आपल्याकडं १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पत्त्यात ‘मुंबई-२’ किंवा ‘पुणे-३०’ असं तोकडं लिहिलं असेल आणि सहा आकडे कुठंच नसतील, तर खोकं हातात नीट धरावं. तिसरी खूण किमतीची. ‘सर्व करांसह कमाल किंमत’ ही भाषा वेष्टनांवर १९९० पासून सक्तीची झाली. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असंही चालायचं. माझ्या खोक्यावर पिनकोड आहे आणि कर वेगळे आहेत. म्हणजे १९७२ ते १९९० या अठरा वर्षांतलं ते. पावतीवरची तारीख पाण्यानं गेली आहे, नाहीतर एवढा उपद्व्याप करावा लागला नसता.

व्यापार हा अर्थात आपला अस्सल खेळ नव्हे. त्याचं मूळ मोनोपॉलीत आणि मोनोपॉलीचं मूळ लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईच्या खेळात. तिनं १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते जमीन अडवून भाडं खाणाऱ्यांचा दुष्टपणा दाखवायला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं तो मोनोपॉली म्हणून विकला आणि लोकांना नेमकी जमीन अडवण्यातच मजा वाटली. रिंगरोड कुठून जाणार याच्या गप्पा जिथं चहाच्या प्रत्येक टपरीवर चालतात, तिथं हे समजावून सांगायची गरज नाही.

गोडाऊनवर उभं राहून खेळ पूर्ण आहे का ते कसं बघायचं, हे सगळे विचारतात. आकडे पाठ असावेत. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये शंभर ठोकळे, त्यात दोन कोरे. सगळे मोजायला वेळ नसेल तर क्यू, झेड, एक्स, जे आणि के शोधावेत. ते एकेकच असतात आणि नसले तर अडतं. बारा ‘ई’पैकी एखादा हरवला तर काही बिघडत नाही. मोनोपॉलीत मालमत्तेची २८ पत्रं. ल्युडोत सोळा सोंगट्या, पण ल्युडोसाठी कशाला मोजायचं, बटणं कुठंही मिळतात. खोकं उघडल्यावर आधी वास घ्यावा. कुबट आला आणि घडीत चंदेरी, सळसळणारी कसर दिसली तर ते खोकं इतर खोक्यांजवळ ठेवू नये. दोन-तीन दिवस उन्हात, मग डांबरगोळ्यांसोबत बंद पिशवीत. फाटका पट चिकटवायला कणकेची खळ अजिबात नको. कसरीला ती मेजवानी. फेविकॉल पातळ करून लावावा आणि वर पोळपाट दाबून ठेवावा.

कॅरमची गोष्ट वेगळी. तो कागदात जात नाही, लाकडात जातो, म्हणजे बहुतेक वेळा चुलीत. चुलीत गेला नाही तर कामाला लागतो. मी कॅरमबोर्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पाहिलाय, खुराड्याचं दार म्हणून पाहिलाय (चार भोकं हवेला आयतीच) आणि एका ठिकाणी त्याच्यावर भाकरी थापताना पाहिलंय. स्पर्धेच्या बोर्डाचं खेळायचं अंग साधारण ७४ सेंटिमीटर, प्लायवूड किमान आठ मिलिमीटर जाड. जुन्या बोर्डात बघायचं ते हेच, जाडी आणि वाक. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा ताणून धरा. मध्ये उजेड दिसला तर बोर्ड बसलाय. भिंतीला तिरका टेकवून पावसाळे काढलेल्या बोर्डाचं तसंच होतं, तो दुरुस्त होत नाही. वरचा रंग, रेघा, फाटकी जाळी या गोष्टींना घाबरू नये. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी असा नवा संच कुठंही मिळतो. जुना, जाड, सपाट बोर्ड मात्र मिळत नाही. हलक्या दर्जाच्या नव्या बोर्डांवर स्ट्रायकर मारला की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो.

न मिळालेल्या गोष्टींच्या जागी दुसरं काही जुळवून घेण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमच्या आजीच्या खेळांना खोकंच नव्हतं. ओसरीच्या फरशीवर कोळशानं पाच बाय पाचचा चौकोन आखला की चल्लस तयार. फासे म्हणजे अर्धे फोडलेले चिंचोके, सोंगट्या म्हणजे एकीचे खडे आणि दुसरीचे बांगड्यांचे तुकडे. नवकंकरीही तशीच. गडांवर आणि लेण्यांत खडकात कोरलेले पट आहेत, त्यांचे खडे तर केव्हाच गेले. पटाशिवाय काही शिल्लक न राहणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही.

जे शिल्लक राहिलं ते कुणीतरी ढिगातून उचललं म्हणून. पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणारे, अज्ञातवासी या नावानं कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर गावोगाव फिरून लोकांच्या अडगळीतून दिवे, अडकित्ते, दौती जमवत राहिले. लोक त्यांना काय म्हणत असतील ते मला गोडाऊनवर उभं राहिल्यावर चांगलं कळतं. त्यांनी तो सगळा संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. गेलेल्या मुलाच्या नावानं उभ्या राहिलेल्या त्या राजा केळकर संग्रहालयात सोंगट्या आणि फासेही आहेत. एरवी त्या सोंगट्या कुठल्या तरी काट्यावर चढल्या असत्या. मोक्षपटाचंही तसंच. सापशिडीचा हा जुना अवतार, त्यात साप म्हणजे दुर्गुण आणि शिडी म्हणजे सद्गुण. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. तेवढं जुनं मला पटत नाही, पण मराठी मजकूर असलेले पट आहेत हे खरं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले वा. ल. मंजूळ जुन्या हस्तलिखितांत ते शोधत राहिले. डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसन यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये पीएचडी केली. म्हणजे आपल्या माळ्यावरचा कागद कोपनहेगनमध्ये वाचला जातो आणि आपण तो पुठ्ठ्यात घालतो. असो. मी चिडलोय असं वाटायला नको. मीही घरातल्या दोन सापशिड्या लहानपणी होळीत घातल्यात.

शिवलेल्या पटावर आम्ही अजून खेळतो. मुलीनं बटण घेतलं की मला टोपण. ताईचा हिशेब मी पुढं चालू ठेवलेला नाही, त्या पावतीला कुणी पेन लावू नये असं घरात ठरलंय. पण आईच्या रकान्यातल्या त्या मद्रासवर कुणी आलं की मुलगी भाडं मागत नाही. तिचं ते तिनंच ठरवलं.

परवा जेवताना फोन वाजला. गोडाऊनवरचा पोरगा. मागं पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

“सर, क्यारम आलाय. जाड हाय. पर भोकाची जाळी न्हाई आन् एका कडंला कोंबडीची घाण हाय. ठिवू का फोडू?”

“दोरा हाय का तिथं?” मी विचारलं.