घरच्या व्हिडिओसाठी छोटा एचडी कॅमकॉर्डर घेताना



स्नेहसंमेलन जवळ आलं की हमखास कुणीतरी विचारतं, "सर, छोटा व्हिडिओ कॅमेरा कोणता घेऊ?" कंपनीचं नाव मी सांगत नाही. काय बघायचं, तेवढं सांगतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला झूमचा आकडा बहुतेकदा डिजिटल झूमचा असतो. म्हणजे आहे तेच चित्र कापून मोठं करायचं. चेहरा जवळ येतो, पण फुटतो. आपल्या कामाचा तो ऑप्टिकल झूम, जो भिंग सरकून होतो. हॉलमध्ये मागच्या रांगेतून आपलं लेकरू टिपायला १० पट तरी हवा. आणि इतक्या झूमवर हात थोडा हलला तरी चित्र डुलतं, म्हणून हालचाल सावरणारी सोय भिंगातच असलेली बरी.

फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. सेकंदाला १७ मेगाबिट या दराने १६ जीबीच्या कार्डात साधारण दोन तास मावतात.

परदेशातून कॅमेरा मागवणार असाल तर एक गोष्ट. अमेरिकेतले कॅमेरे बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि व्हिडिओत वर्गभर उजेड फडफडताना दिसतो. शटर १/१०० वर ठेवता आलं तर हे थांबतं.

आता आवाज. याकडे कुणी बघतच नाही, मीही बघितलं नव्हतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी एका दुपारी टिपल्या. चित्र अगदी स्वच्छ, सुरकुतीन् सुरकुती दिसते. पण डोक्यावरचा पंखा सगळ्या ओव्या गिळून बसलाय. आजी आता नाही. तेव्हा बाहेरचा माइक जोडायची खाच आहे का, ते आधी विचारा. लहान कॅमेऱ्यात ती पुष्कळदा नसते. नसेल तर पंखा बंद करा आणि कॅमेरा बोलणाऱ्यापासून तीन-चार फुटांवर ठेवा. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या. झगझगीत काउंटरवर सगळेच कॅमेरे छान दिसतात, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात दोन मिनिटं शूटिंग करा, कुणाला तरी बोलायला लावा आणि ते घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघा. पैसे त्यानंतर द्या.