जुन्या पोलादी नळांच्या चिरा : आधी कारण, मग डागडुजी

मुंबईत माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यानाखाली शहराचा जुना जलाशय आहे. मुंबईला विहारचे पाणी १८६० साली व तानशाचे १८९२ साली मिळू लागले. शहराचा पाणीपुरवठा असो की गावची उपसा सिंचन योजना, नळ जुना झाला म्हणजे त्याच्या दुखण्याचे कारण शोधण्याची रीत एकच. ऐन उन्हाळ्यात नळ फुटल्यास उभा ऊस वाळतो. घाईने ठिगळ लावले आणि कारण तसेच राहिले, तर शेजारीच नवी चीर पडते.

प्रथम चिरेची दिशा पाहावी. पाण्याच्या दाबाने नळाच्या घेराच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून नळाच्या लांबीबरोबर गेलेली चीर बहुधा दाब, गंज किंवा उभ्या जोडातील दोष सुचविते. घेराभोवती गेलेली चीर बहुधा नळ वाकल्याची खूण होय. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे नळाचा आधार असमान होतो.

आता दाबाचा हिशेब पाहू. ३०० मिलिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या नळात ६० मीटर उंचीचा दाब असल्यास पोलादावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोग्रॅम ताण येतो. गंजाने जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट होतो. तरीही साधे पोलाद याहून कितीतरी अधिक ताण सोसते. मग नळ फुटतो का? सेकंदास १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी थांबल्यास दाबात सुमारे १०० मीटरची भर पडू शकते. यास जलाघात म्हणतात. वीज जाऊन पंप वारंवार बंद पडला की गंजाच्या खळग्यातून किंवा सदोष जोडातून बारीक चीर सुरू होते व प्रत्येक आघाताने वाढते.

तपासणी येणेप्रमाणे करावी :

(१) चिरेची जागा, दिशा व पंप बंद पडल्याच्या वेळा वहीत नोंदवाव्यात.

(२) फुटलेला तुकडा न घासता कोरडा जपून ठेवावा. गंजलेला भाग चीर जुनी असल्याचे व चकचकीत भाग ती नुकतीच वाढल्याचे दर्शवितो.

(३) आसपासच्या नळाची जाडी जाणकाराकडून मोजून घ्यावी.

कारण गंज असल्यास पातळ झालेला नळ बदलावा. जलाघात असल्यास झडपांची व्यवस्था सुधारावी. जमीन असल्यास नळास भक्कम आधार द्यावा. निदानावाचून केलेली डागडुजी अखेरीस महाग पडते.