भर उन्हात सौर इन्व्हर्टर बंद का पडतो?



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली आणि ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. तेव्हापासून गावोगाव आणि वस्त्यांवरही घरांच्या छपरावर सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. त्याबरोबर एक तक्रारही नेहमी ऐकू येते. सकाळी संच चांगला चालतो, परंतु ऐन दुपारी ऊन कडक असताना इन्व्हर्टर बंद पडतो, काही वेळाने आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो.

अशा वेळी इन्व्हर्टर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला पाठविला जातो. आमच्या वस्तीवरील घरीही हेच झाले. इन्व्हर्टर दोनदा दुरुस्तीला गेला आणि दोन्ही वेळा 'दोष नाही' म्हणून परत आला. खरा दोष मीटरपासून घरापर्यंतच्या तारेत होता. म्हणून दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

दाब वाढण्याचे कारण

आपण विहिरीवरून पाइपलाइनने पाणी नेतो. पाइप जितका लांब व अरुंद, तितका पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. विजेचेही तसेच आहे. सौर इन्व्हर्टरला आपली वीज लाइनमध्ये ढकलायची असते. त्यासाठी त्याला लाइनपेक्षा थोडा जास्त दाब, म्हणजेच व्होल्टेज, ठेवावे लागते. तार लांब व बारीक असेल तर हा जादा दाब बराच वाढतो.

घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. त्यात ६ टक्के वर-खाली, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट, चालतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक नियमांनुसार दाब ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेल्यास इन्व्हर्टरने स्वतःला लाइनपासून तोडावयाचे असते. तेव्हा असे बंद पडणे हा बिघाड नसून संरक्षण आहे. आपल्या इन्व्हर्टरची नेमकी मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहावी.

तारेचा हिशेब

३ किलोवॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे १३ अँपिअर प्रवाह देतो. मीटर ते इन्व्हर्टर अंतर ६० मीटर धरल्यास जाण्या-येण्याची तार १२० मीटर होते. तांब्याची २.५ चौ. मि.मी. तार असल्यास तिचा रोध सुमारे ०.८९ ओहम भरतो आणि १३ अँपिअरला ११ ते १२ व्होल्ट दाब वाढतो. मीटरवर २४३ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरवर ते २५४ च्या पुढे जातात आणि संच बंद पडतो. हीच तार ६ चौ. मि.मी. ची असेल तर वाढ ५ व्होल्टच्या आत राहते आणि संच सुरळीत चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत त्याच जाडीला वाढ सुमारे दीडपटीहून अधिक असते.

तपासणी कशी करावी?

१) बहुतेक इन्व्हर्टरच्या पडद्यावर व बऱ्याच नवीन मीटरवर व्होल्टेज दिसते. त्यामुळे कोणत्याही तारेला हात न लावता दोन्हीकडील आकडे घेता येतात. मीटरवर ते दिसत नसल्यास परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे.

२) आकडे संच चालू असताना, एकाच वेळी घ्यावेत. घरातील मोठी उपकरणे त्या वेळी बंद ठेवावीत. इन्व्हर्टर बंद पडल्यावर प्रवाह थांबतो आणि दोन्हीकडे जवळपास सारखाच दाब दिसतो. तपासणाऱ्याला दोष सापडत नाही तो यामुळेच.

३) संच बंद असतानाही दोन आकड्यांत एक-दोन व्होल्टचा फरक असल्यास तो यंत्रांचा फरक समजून वजा करावा.

४) सकाळी ९, ११, दुपारी १ व ३ वाजता आठवडाभर नोंद ठेवावी.

नोंदीवरून निष्कर्ष

मीटरवर दाब योग्य व इन्व्हर्टरवर बराच जास्त असेल तर दोष आपल्या तारेत किंवा जोडात आहे. जोड तपासून घ्यावेत आणि गरज असल्यास जाड तार टाकावी.

मीटरवरच दाब २४४ व्होल्टच्या वर असेल तर दोष लाइनकडील आहे. संध्याकाळी शेवटच्या खांबापर्यंत दाब पुरावा म्हणून रोहित्राचा टॅप वर ठेवलेला असतो. दुपारी वापर कमी आणि सौर वीज जास्त, त्यामुळे दाब चढतो. आपली नोंद जोडून वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. रोहित्राला स्वतः हात लावू नये. इन्व्हर्टरची मर्यादाही परस्पर वाढवून घेऊ नये. जादा दाबाने घरातील उपकरणे खराब होतात.

आकडा सतत खाली-वर उडत असेल तर जोड सैल असण्याचा संभव असतो. तीन फेज जोडणीत काही दिवे प्रखर व काही मंद झाल्यास न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा आणि मेन स्विच ताबडतोब बंद करावा.

वीज गेली की संचही बंद

'ऊन असून वीज का नाही?' असाही प्रश्न विचारला जातो. लाइन बंद असताना आपली वीज खांबावर गेली तर तेथे काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येईल. म्हणून बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला संच वीज गेल्यावर बंद होतो. तो बंद होत नसेल तरच काळजी करावी.

तात्पुरता उपाय

दुरुस्ती होईपर्यंत कडबा कुट्टी, घरगुती पिठाची गिरणी व टाकी भरण्याचा पंप दुपारी ११ ते ३ या वेळेत, एकामागून एक चालवावेत. वीज घरातच वापरली गेल्याने लाइनकडे कमी जाते व दाब उतरतो.

३ किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी सरासरी १२ युनिट वीज देतो. त्यातील निम्म्याहून अधिक वीज भर दुपारच्या चार तासांत मिळते. संच या वेळेत बंद राहिला तर रोज सहा-सात युनिट वाया जातात. नवीन संच बसविणाऱ्यांनी म्हणूनच पट्ट्यांच्या किमतीबरोबर तारेची लांबी व जाडीही करारात लिहून घ्यावी. जुना संच असणाऱ्यांनी इन्व्हर्टर खोलण्यापूर्वी दोन ठिकाणचे दाब मोजावेत.