फ्रिज चालू आहे, पण आत किती अंश?

उन्हाळ्यात साखर अचानक वाढलेले रुग्ण येतात. डोस तोच, जेवण तेच. अशा वेळी इन्सुलिन कुठे ठेवता, हे मी हमखास विचारतो. ‘फ्रिजमध्ये’ हे उत्तर लगेच येते. फ्रिज नीट गार करतो का, असे विचारले की ऐकायला मिळते, ‘दिवा लागतो की!’ दिवा दाराच्या बटणावर लागतो. थंडावा तयार करतो तो मागे तळाशी बसवलेला काळा गोळा, म्हणजे कंप्रेसर. तो बंद पडला तरी दिवा लागतच राहतो.

तेव्हा आधी तापमान मोजा. फ्रिजसाठी वेगळा साधा थर्मामीटर मिळतो. ताप मोजायचा इथे उपयोगाचा नाही. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात तो रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचा. २ ते ५ अंश सेल्सिअस असेल तर चिंता नाही. ८ च्या वर असेल तर बिघाड शोधायला हवा. दाराचे रबर सैल आहे का, मागच्या जाळीवर धूळ साचली आहे का, फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला आहे का, हे अगोदर बघा. या कारणांनी निरोगी कंप्रेसरही दमतो.

मग रात्रीच्या शांततेत फ्रिजजवळ पाच-दहा मिनिटे उभे राहा. काही सेकंद जड गुणगुण, मग ‘टक्’, मग शांतता आणि थोड्या मिनिटांनी पुन्हा तेच, असे ऐकू आले तर कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे, पण त्याला ते जमत नाही. न फिरणारी मोटर भरमसाट वीज खेचते, तापते आणि तिच्या बाजूला बसवलेला ओव्हरलोड वीज तोडतो. तो ‘टक्’ त्याचा. म्हणून लगेच कंप्रेसर जळाला असे समजू नका. अनेकदा दोष शेजारच्या छोट्या, स्वस्त रिलेत असतो किंवा व्होल्टेज फार खाली आलेले असते. वीज जाऊन लगेच आली तरी असेच होते, म्हणून पाच मिनिटे थांबून बटण चालू करावे.

कंप्रेसर अखंड चालतो, पण आत गारवा नाही आणि बर्फ फ्रीजरच्या एखाद्याच कोपऱ्यात जमतो, असे असेल तर गॅस गळल्याचा संशय घ्यावा. गॅस वापरून संपत नाही. त्यामुळे गळतीची जागा न शोधता नुसता गॅस भरणारा मेकॅनिक मला रक्तस्राव न थांबवता रक्ताच्या बाटल्या चढवणाऱ्या डॉक्टरसारखा वाटतो. हल्लीच्या अनेक फ्रिजमधला गॅस ज्वलनशील असतो, तेव्हा ही उघडझाप घरी करू नये. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीजर गार आणि खालचा भाग कोमट असेल तर कंप्रेसर बहुधा ठणठणीत असतो. पंखा बिघडलेला असतो किंवा हवेची वाट बर्फाने बुजलेली असते. इन्व्हर्टर कंप्रेसर मात्र बराच वेळ चालू राहणारच, तो बिघाड नव्हे. आणि नुसता हात लावून ‘तापलाय’ म्हणू नका. चालू कंप्रेसर गरमच असतो.

थर्मोस्टॅट बिघडून कंप्रेसर थांबतच नाही, तेव्हा भाजी कडक होते आणि बाटलीतल्या पाण्यात बर्फ दिसतो. इन्सुलिनसाठी हा बिघाड कंप्रेसर बंद पडण्यापेक्षा वाईट. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखे असले तरी भरवशाचे राहत नाही. ते टाकून द्यावे.

याउलट फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन लगेच फेकू नका. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. फ्रिज बंद पडल्याची तारीख कुपीवर लिहून ठेवा. दूध, शिजवलेला भात, मटण यांना एवढी सवलत नाही. दार न उघडता चार तास निभावते. त्यानंतर वास घेऊन ठरवू नये. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष फोडणी देऊन, उकळूनही जात नाही. उलट्या सुरू झाल्या की घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे लवकर कोरडी पडतात.

मेकॅनिक येईपर्यंत इन्सुलिनची कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती माठातल्या पाण्यात किंवा ओल्या वाळूने भरलेल्या मडक्यात, सावलीत आणि वाऱ्याच्या जागी ठेवा. मडके बाहेरून ओले राहिले पाहिजे. डबीत पाणी शिरत नाही ना, एवढे रोज पाहा.