पाय आगीकडे, नाक जमिनीला

अमेरिकेत जंगलातल्या आगीशी झुंजणाऱ्या जवानांना दरवर्षी पुन्हा वर्गात बसावं लागतं. पाठीशी कितीही हंगामांचा अनुभव असला, तरी ‘आरटी-१३०’ नावाच्या या उजळणीतून सहसा सूट मिळत नाही. आणि ते योग्यच आहे.

या उजळणीचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे ‘फायर शेल्टर’चा सराव. बाहेरून ॲल्युमिनियमचा वर्ख आणि आत सिलिकाचं कापड असलेलं, साधारण दोन किलोंचं हे आवरण घडी करून जवळ बाळगतात. ते झटकून उघडायचं, आत शिरून पाय आगीच्या दिशेला ठेवून पालथं पडायचं, कडा हातापायांनी घट्ट दाबायच्या आणि नाक जमिनीला टेकवायचं. तप्त हवा श्वासात गेली तर श्वसनमार्ग भाजतो. त्यातल्या त्यात थंड हवा जमिनीलगतच मिळते. सरावात कधी मोठे पंखेही लावतात, कारण खऱ्या वणव्यात वारा हे आवरण हातातून हिसकावू पाहतो.

वर्ख उष्णतेचे किरण परतवतो. पण ज्वाळा थेट भिडल्या की थर जोडणारा गोंद सुटू लागतो. २०१३ मध्ये ॲरिझोनातल्या यार्नेल हिल इथे शेल्टर उघडूनही १९ जवान दगावले.

म्हणून उजळणीचा बराच वेळ शेल्टर उघडायची पाळीच येऊ नये यावर जातो: टेहळणी, संपर्क, पळवाटा, सुरक्षित जागा. जुन्या दुर्घटनाही अभ्यासतात. १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यनच्या आगीत १४ जण गेले. चढावर पळतानाही काहींनी अवजारं सोडली नव्हती. जीव वाचवायचा तर हातातलं अवजार टाकून पळा, हेही शिकवावं लागतं.